नरेंद्रच्या अकरा ओळी

नरेंद्र लिमयेशी कुठल्याही विषयावर बोला, पंधरा मिनिटांत गाडी त्याच्या अकरा ओळींवर येणार म्हणजे येणार. परदेशातल्या चेरीवूड या उपनगरातल्या मराठी मंडळींना ते इतकं पाठ झालं होतं, की त्याने ‘माझं एक छोटंसं योगदान’ म्हणून सुरुवात केली की लोक आणखी एक वडा घ्यायला उठायचे.

प्रकरण तसं साधं. लॅपटॉपच्या पडद्यावर चित्र उमटवणारी चिप चालवायला एक प्रोग्राम लागतो, त्याला ड्रायव्हर म्हणतात. लिनक्स या मोफत, खुल्या प्रणालीवर तो दोन तऱ्हांचा मिळतो. एक चिप बनवणाऱ्या कंपनीचा. वेगवान, पण कुलूपबंद, आत काय आहे ते कंपनीलाच ठाऊक. दुसरा जगभरच्या हौशी लोकांनी मिळून लिहिलेला. उघडा, कुणीही वाचावा, कुणीही सुधारावा. या दुसऱ्यात अकरा ओळी नरेंद्रच्या होत्या. बारा वर्षांपूर्वी कोथरूडच्या भाड्याच्या खोलीत लिहिलेल्या, आणि अजून तिथेच, त्याच्या नावासकट. तेव्हापासून कंपनीचा ड्रायव्हर त्याने कधी दारात उभा केला नव्हता.

आता मात्र पंचाईत झाली होती. पुण्याहून येऊन जेमतेम वर्ष झालं आणि जानेवारीत नोकरी गेली. कामाच्या परमिटच्या नियमाने दुसरी शोधायला सहा महिने मिळतात, त्यातले पाच संपले होते. नाही मिळाली तर बायको-मुलीसह तिघांनीही गाशा गुंडाळायचा. बायको वसुधा इथल्या एका हॉस्पिटलच्या लॅबमध्ये लागली होती, पण तिचंही इथलं राहणं नरेंद्रच्याच परमिटवर होतं. दिवसभर तो खिडकीपासून किटलीपर्यंत येरझाऱ्या घालायचा, मेल उघडायचा, मिटायचा, खाली जाणारी लुआस ट्राम बघायचा आणि पुन्हा मेल उघडायचा. बसलेला असा तो घरात दिसेनाच.

अशात शॅननच्या एका कंपनीची शेवटची मुलाखत ठरली. गुरुवारी दुपारी दोन वाजता, व्हिडिओ कॉलवर. आपला पडदा शेअर करून त्यांच्यासमोर काम करून दाखवायचं. बुधवारी सिटीवेस्टला राहणाऱ्या आकाश या मित्राबरोबर रंगीत तालीम केली, तर आठव्या मिनिटाला लॅपटॉप ठप्प.

“नऱ्या, तोंड उघडं ठेवून अडकलायस तू,” आकाशने फोन करून सांगितलं.

“ब्राउझरचा दोष आहे,” नरेंद्र म्हणाला. तिसऱ्यांदा ठप्प झाल्यावरही तो तेच म्हणाला. घरात दुसरा लॅपटॉप नव्हता. ऑफिसचा परत गेला होता आणि वसुधाचा हॉस्पिटलने जखडलेला, बाहेरचं काही त्यावर चालत नव्हतं.

“कंपनीचा ड्रायव्हर घाल आणि मोकळा हो,” वसुधा म्हणाली.

“तत्त्वाचा प्रश्न आहे, वसू.”

“तत्त्वाला परमिट लागत नाही, आपल्याला लागतं. त्या अकरा ओळी मी तुला ताम्रपटावर कोरून देते, हवं तर.”

त्याला झोंबलं. पण गुरुवारी सकाळी दोघी बाहेर पडताना वसुधाने मुलाखतीचा शर्ट इस्त्री करून त्याच्या हातात दिला, आणि ते त्याला जास्त लागलं. दहा वर्षांची निहारिका दप्तर अडकवत म्हणाली, “यू विल बी ग्रँड, बाबा.” दीड वर्षात पोरगी पार इथली झाली होती. काहीही विचारा, ‘ठीक’, ‘छान’, ‘चालेल’ या सगळ्याला इथल्यासारखं एकच, ग्रँड! कशाचं डोंबलाचं ग्रँड, असं मनात म्हणत त्याने दार लावलं.

अकरा वाजता त्याने हार मानली. कंपनीचा ड्रायव्हर उतरवून घेतला. यात एक गोम असते. आधी एक पासवर्ड ठरवायचा, मग लॅपटॉप बंद करून चालू करायचा. सुरुवातीलाच एक निळा पडदा येऊन तो पासवर्ड मागतो. दहा सेकंद थांबतो. कुणी बटण दाबलं नाही, तर नवा ड्रायव्हर बाहेरच ठेवून पुढे निघून जातो. नरेंद्रला हे तोंडपाठ होतं. पण इकडे निळा पडदा आला आणि तिकडे चहासाठी ठेवलेलं दूध वर आलं. दूध उतू जाताना बघत बसणारा मराठी माणूस अजून जन्माला यायचाय. तो धावला, पातेलं उचललं, शेगडी पुसली आणि वळून बघतो तर जुनाच ड्रायव्हर ठाण मांडून बसलेला.

आता परत सगळं करण्याआधी त्याने चिडून जुन्यालाच एकदा शेवटचं चालवून पाहिलं. आठव्या मिनिटाला ठप्प. या वेळी त्याने पहिल्यांदाच, ब्राउझरला शिव्या न घालता, लॅपटॉपने स्वतः लिहून ठेवलेली नोंद वाचली. कुठल्या ओळीपाशी गाडी अडली ते तिच्यात होतं. ती ओळ त्याने उघडली. कुणी लिहिली ते शोधलं.

नरेंद्र लिमये. बारा वर्षांपूर्वी. खाली त्याचीच टीप: ‘तात्पुरतं आहे. नंतर नीट करू.’

तो खुर्चीत बसला. कितीतरी दिवसांनी बसला. बारा वर्षं ज्याचे गोडवे गायले, ते काम अर्धवट होतं आणि हे त्याला तेव्हाच माहीत होतं. मेल्याहून मेल्यासारखं झालं त्याला.

मग उठून त्याने पुन्हा पासवर्ड ठरवला. शेगडी बंद आहे हे दोनदा पाहिलं. लॅपटॉपसमोर हात बांधून उभा राहिला, निळा पडदा आला तसं बटण दाबलं, आणि कंपनीचा ड्रायव्हर निमूट आत आला.

मुलाखत दीड तास चालली, लॅपटॉप एकदाही अडला नाही. शेवटी ओर्ला नावाच्या मुख्य बाईंनी नेहमीचा प्रश्न टाकला: तुमची एखादी चूक सांगा. ‘मी जरा जास्तच काटेकोर आहे’ हे घोटून ठेवलेलं उत्तर त्याच्या जिभेवर होतं. पण त्याने अकरा ओळींचं सांगितलं, दुधासकट.

“मग दुरुस्त केलीत?” त्यांनी विचारलं.

“अजून नाही. आत्ताच कळलंय आणि दोन वाजता तुम्ही होतात.”

पलीकडे कुणी हसलं नाही. सोमवारी कळवू म्हणाले. झालं, आपण घालवलं, असं त्याने धरूनच ठेवलं.

शुक्रवार-शनिवार त्याच्या येरझाऱ्या बंद होत्या. त्याने अकराच्या अकरा ओळी काढून टाकल्या आणि त्यांच्या जागी तीन लिहिल्या. मग कंपनीचा ड्रायव्हर हटवला, आपला चढवला आणि दुसऱ्या खोलीतल्या निहारिकाला वसुधाच्या फोनवरून कॉलवर बसवलं. ती चाळीस मिनिटं वाकुल्या दाखवत राहिली. एकही वाकुली अडकली नाही. वसुधा मागे येऊन उभी राहिली.

“म्हणजे तुझ्या आता तीनच?”

“तीनच. पण या बऱ्या आहेत.”

त्या त्याने रविवारी उघडा ड्रायव्हर सांभाळणाऱ्या हौशी मंडळींकडे पाठवून दिल्या.

सोमवारी पाच वाजेपर्यंत फोन नाही. सव्वापाचला आला. त्यांच्यातल्या कुणीतरी त्या तीन ओळी शोधून वाचल्या होत्या, म्हणे. नोकरी त्याची होती, परमिटचे कागद याच आठवड्यात निघणार होते. “एक सांगायचं राहिलं,” ओर्ला म्हणाल्या, “आमच्याकडे सगळ्या लॅपटॉपवर चिपवाल्या कंपनीचाच ड्रायव्हर असतो. चालेल ना?”

नरेंद्रने समोर उभ्या असलेल्या वसुधाकडे पाहिलं.

“ग्रँड,” तो म्हणाला.