सुतारमामाची खुर्ची

शिकवणाऱ्या माणसाला किस्से जमवावे लागत नाहीत. पर्सच्या तळाशी खडूचे तुकडे साठतात, तसे ते आपोआप साठतात. त्यात एकच कादंबरी ओळीने दहा वर्षं शिकवली, तर मग विचारूच नका!

पनवेलच्या आमच्या कॉलेजात बी.ए.च्या शेवटच्या वर्षाला एक जाडजूड इंग्रजी कादंबरी होती, राणीच्या राज्यातली. एक अनाथ पोरगा, सुतारमामाने वाढवलेला. कुणा श्रीमंत बाईच्या कृपेने लंडनला जातो, साहेब होतो, काट्याचमच्याने जेवायला शिकतो. एक दिवस मामा त्याला भेटायला येतो. दिवाणखान्यात बडे मित्र बसलेले. हा गडबडतो आणि सांगून टाकतो, "खुर्ची दुरुस्त करायला आलेत!" मामा हत्यारं काढतो. खाली बसतो आणि खरोखरच खुर्ची दुरुस्त करून निघून जातो.

हे शिकवताना मला एका जागी उभंच राहता यायचं नाही. फळ्यापासून दारापर्यंत, दारापासून फळ्यापर्यंत. पोरांना वाटायचं, मॅडम काय रंगल्यात! कसलं रंगणं? माझी आई तिथून दहा मिनिटांवर मार्केटात मासे विकायची, आणि स्टाफरूममध्ये हे कुणालाही माहीत नव्हतं. मी खोटं बोलले नव्हते हो. कुणी विचारलं नाही, मी सांगितलं नाही. पण रोज सकाळी कॉलेजच्या पायऱ्या चढताना वाटायचं, की आज कळणार!

*

पहिल्याच वर्षीचा पेपर. प्रश्न होता, 'खुर्चीच्या प्रसंगातून लेखकाला काय सुचवायचे आहे?'

एकाने दोन पानं भरून लिहिलं होतं. शेवटी तात्पर्य, जाड अधोरेखित: 'घरातील फर्निचरची वेळच्या वेळी देखभाल करावी.'

मी त्याला पास केलं. निदान मामाचं काम त्याच्या लक्षात तरी राहिलं होतं!

*

वर्गात खारघरच्या टॉवरमधली मुलं पुढे बसायची आणि उरण, नेरे, न्हावा शेवाकडच्या गावांतली मागे. कुणी सांगितलेलं नव्हतं. पहिल्या दिवशी बसली ती तशीच बसली.

एकदा मी उत्साहाने विचारलं, "त्या समाजात इतका उच्चनीच भेद होता. आपल्याकडे आज आहे का असं काही?"

पुढचे बाक एका सुरात म्हणाले, "नाही मॅडम! आता कुठे राहिलंय तसं?"

मागून न्हावा गावची प्रणाली उठली. बारीक अंगाची, पण आवाज खणखणीत. म्हणाली, "मॅडम, पंखा पुढंच हाय."

वर्गात हशा! मी दुसऱ्या दिवसापासून आठवडाभर बाकांची अदलाबदल केली. तिसऱ्या दिवशी खारघरच्या एका पालकांचा ऑफिसात फोन, "आमच्या मुलाला मागे का बसवलं? त्याचं काय चुकलं?"

*

इंग्रजीतून स्वतःची ओळख करून देण्याचा तास. विमानतळ येणार, येणार म्हणून जमिनीचे भाव चढत होते, आणि त्याबरोबर आमच्या पोरांचे वडीलही चढत होते! कंटेनर चालवणाऱ्याचा मुलगा म्हणाला, "माय फादर इज इन लॉजिस्टिक्स." गोदीत हमाली करणाऱ्याचा म्हणाला, "पोर्ट मॅनेजमेंट." एकाचे वडील नाक्यावर वडापाव विकायचे. तो म्हणाला, "हॉटेल लाइन."

मग प्रणाली उठली. "माय फादर कॅचेस फिश. माय मदर सेल्स फिश." संपलं. खाली बसली.

आणि बसता बसता तिने विचारलं, "मॅडम, तुमची आई काय करते?"

मी फळा पुसायला वळले. तोंडातून निघून गेलं, "तिचा स्वतःचा बिझनेस आहे. फूड सेक्टरमध्ये."

प्रणाली हसली नाही. नुसती बघत राहिली. तिला माहीत होतं की काय, देव जाणे. मला त्या रात्री जेवण गेलं नाही.

*

आमच्या स्टाफरूममध्ये सामंत मॅडम होत्या. माझ्याहून वयाने मोठ्या, मनाने चांगल्या, दादरहून खारघरच्या टॉवरमध्ये राहायला आलेल्या, आणि माशावर जीव! त्यांच्या डब्यात रोज मासे आणि तोंडात रोज माशांवर व्याख्यान.

एकदा ठासून सांगायला लागल्या, "पापलेट ताजं की शिळं ते डोळ्यांवरून ओळखायचं. कल्ल्यांबिल्ल्यांकडे बघायची काही गरजच नसते!"

माझी बोटं टेबलाखाली शिवशिवली. चार वर्षांची असल्यापासून मी कल्ले उचलून बघत आलेय. बर्फातल्या माशाचे डोळे फसवतात हो, कल्ला फसवत नाही! जिभेवर आलेलं सगळं चहाबरोबर गिळलं.

"तुला काय वाटतं गं, वंदना?" त्यांनी विचारलं.

"मला काय कळतंय त्यातलं!" मी म्हणाले. लाज वाटली. आईची नव्हे, माझीच.

*

कॉलेज सुटलं की मी मार्केटातून घरी जायचे, मागच्या गल्लीने, इकडेतिकडे बघत. आई गिऱ्हाइकात गुंतलेली असायची. मी माझा रिकामा डबा तिच्या फळीवर ठेवायचे, ती त्यात रात्रीच्या कालवणाची मच्छी ठेवून मागाहून घरी आणायची. बोलायचं काहीच नाही. वर्षानुवर्षं हाच शिरस्ता.

एका रविवारी घरी कोळंबी सोलता सोलता मी तिला ती कादंबरी सांगितली. पोरगा, लंडन, मामा, खुर्ची, सगळं. मला वाटलं, आई त्या पोराला शिव्या घालेल. मी मान खाली घालून वाट बघत होते.

आईने हातातली कोळंबी सोलून टोपात टाकली. मग म्हणाली, "खुर्ची झाली का नीट?"

"काय?"

"अगो, मामानं यवरी मेहनत केली. खुर्ची झाली का नाय नीट?"

पुस्तकात ते लिहिलेलंच नव्हतं. तसं मी तिला सांगितलं. आईला ते मुळीच पटलं नाही. त्यानंतर मी पेपर तपासायला बसले की ती विचारायची, "काय गो, झाली का खुर्ची?" आणि स्वतःच हसायची.

*

आणि मग तो बुधवार. कॉलेज सुटलं आणि सामंत मॅडमनी माझा दंडच धरला. "चल, मला सुरमई घ्यायचीय. तू पनवेलची, तुला मार्केट माहीत असेल!"

डोकं दुखतंय म्हटलं, रिक्षा मिळणार नाही म्हटलं. ऐकतात कुठल्या! आत शिरल्यावर मी त्यांना दुसऱ्या टोकाला ओढत होते, आणि त्या तीरासारख्या थेट आईसमोर जाऊन उभ्या राहिल्या.

आईने वर बघितलं. आधी त्यांच्याकडे, मग माझ्याकडे. माझं तोंड कसं झालं होतं कुणास ठाऊक. आईने एका क्षणात नजर काढून घेतली. "या मॅडम. सुरमई बघा, आत्ता आलीय."

सामंत मॅडमनी माशाच्या डोळ्यांत डोळे घालून पाहणी केली. मग मला कोपराने ढोसलं, "अगं, तू बोल ना. भाव कमी करायला सांग!"

आणि मी बोलले. माझ्या सख्ख्या आईला मी म्हणाले, "मावशी, जरा कमी करा ना."

"मॅडम सांगतात तं करते कमी," आई म्हणाली आणि मासा कापायला घेतला.

सामंत मॅडम खूश! गप्पाच मारायला लागल्या. "मुलंबाळं काय, मावशी?"

"येक पोरगी हाय. लय शिकली. लांब असते."

"येते का भेटायला?"

"येते ना. रोज येते."

"लांब असते आणि रोज येते?" सामंत मॅडम खो खो हसल्या. आईही हसली. मी फळीवरचं बर्फाचं पाणी बघत होते. इथून कधी एकदा निघते असं झालं होतं.

निघालो. दहा पावलं गेलो असू, तोच मागून आईची हाक आली.

"ओ मॅडम! तुमचा डबा ऱ्हायला!"

मी वळून बघितलं. माझा डबा आईच्या हातात होता. तो मी कधी पर्समधून काढला, कधी फळीवर ठेवला, मला पत्ताच नव्हता! आईने पदराने तो पुसला आणि परक्या बाईला द्यावा तसा माझ्या दिशेने धरला.

"अगं वंदना, डबा विसरलीस," सामंत मॅडम म्हणाल्या.

मी परत गेले. डबा तिच्या हातून घेतला आणि पुन्हा फळीवर ठेवला.

"ऱ्हाऊ दे, आये," मी म्हणाले, सामंत मॅडमना ऐकू जाईल एवढ्या मोठ्याने. "आज बोंबील ठेव त्यात."

सामंत मॅडमच्या हातातली पिशवी खाली आली. आईने त्यांच्याकडे बघितलं, मग माझ्याकडे. पदर कमरेला खोचला आणि म्हणाली,

"झाली का गो खुर्ची नीट?"