तपकिरी बाटलीतल्या तीन चिठ्ठ्या

लेखन हा माझा प्रांत नव्हे. छप्पन्न वर्षांच्या आयुष्यात रजेचे अर्ज, कार्यालयीन टिपणे आणि आमच्या सोसायटीच्या पाणीपुरवठ्याविषयीचे एक निवेदन, याखेरीज मी काहीही लिहिलेले नाही. आणि त्या निवेदनावरही सर्वांच्या सह्या झाल्यानंतर, खाली उरलेल्या कोपऱ्यात मी सही केली होती. अशा माणसाने एखाद्या जिवंत व्यक्तीविषयी लिहायला बसावे, हा अगोचरपणाच. वाचकांनी तो पोटात घालावा. हे धाडस मी आपण होऊन केलेले नाही; ते ज्यांनी करायला लावले त्यांच्याविषयीच लिहितो आहे, एवढाच काय तो माझा बचाव.

ठाण्यापासून कल्याणपर्यंतच्या टापूतून गेल्या काही वर्षांत जेवढी मुले बारावीनंतर अमेरिकेत शिकायला गेली, त्यांतली निम्मी आमच्या साडूभाऊंच्या सल्ल्याने गेली आणि उरलेली निम्मी त्यांना न विचारता गेल्याबद्दल आजही हळहळत असावीत, असे माझे नम्र मत आहे. साडूभाऊ म्हणजे माझ्या पत्नीच्या धाकट्या बहिणीचे, शैलाचे, यजमान. राहणे डोंबिवलीत. ते स्वतः अमेरिकेला गेलेले नाहीत. त्यांच्याजवळ पासपोर्टही नाही. मात्र तिथल्या कोणत्या सरकारी विद्यापीठात वसतिगृहापासून ग्रंथालय किती पावलांवर आहे आणि ती पावले जानेवारीच्या बर्फात किती होतात, हे त्यांना पाठ असते. ही विद्यापीठे आकाराने एवढी प्रचंड, की एकेकात आपल्याकडच्या एखाद्या तालुक्याच्या गावाएवढी मुले शिकतात. त्यांची लांबलचक नावे साडूभाऊ कधीच घेत नाहीत. 'मक्याचे', 'तळ्याचे', 'वाळवंटाचे' अशी नावे त्यांनी आजूबाजूच्या भूगोलावरून ठेवली आहेत, आणि डोंबिवलीतले पालकही आता एकमेकांना जिन्यात विचारतात, "काय हो, तुमच्याला मक्याचं मिळालं म्हणे?"

साडूभाऊ तीस वर्षे डोंबिवलीच्याच औद्योगिक वसाहतीत रंगांच्या एका कारखान्याच्या प्रयोगशाळेत होते. बाहेरून पिंपे आली की आतला माल पास की नापास हे ते ठरवत. एका पिंपातून तीन नमुने घ्यायचे, वरून, मधून आणि तळातून, हा तिथला नियम. आणि निवृत्त झाल्यावर पिंपांच्या जागी माणसे आली, एवढाच त्यांच्या आयुष्यात फरक पडला. "वरचा थर सगळ्यांचाच चांगला असतो हो," ते म्हणतात. "वरून बघून माल घेणारा बुडतो."

त्यांच्या स्वभावाची दुसरी खूण म्हणजे टक्के. कोणत्याही गोष्टीची शक्यता टक्क्यांत सांगितल्याशिवाय त्यांना चैन पडत नाही. लग्नाला गेले तर अक्षता टाकून झाल्यावर शेजारच्याच्या कानात सांगतात, "बासष्ट." कशाचे बासष्ट, हे विचारायची कोणाची छाती होत नाही. आम्ही घोडबंदर रोडवरून त्यांच्याकडे निघालो आणि फोन केला, तर 'या' म्हणण्याआधी आकडा येतो. एकदा चारला पोहोचतो असे मी म्हणालो, तर म्हणाले, "बावीस टक्के." शीळफाट्याला गाड्यांच्या रांगेत पाऊण तास काढून आम्ही पाचला पोहोचलो, तेव्हा दार उघडून ते एवढेच म्हणाले, "बावीस म्हणजे कमीच झाले की नाही?" शैलाची याबाबतची तक्रार जुनी आहे. "भावोजी, काल मी भाकरी तव्यावर टाकली आणि सहज म्हटलं, फुगेल का हो? तर म्हणाले, सत्तर. फुगली नाही. तर म्हणतात, अगं, तीस होतेच की! या माणसाला चूक म्हणून पकडायचं कसं?"

मुलांच्या बाबतीत मात्र हा गृहस्थ गमतीचा उरत नाही. कोणी मूल प्रवेशाची शक्यता विचारायला आले की कपाटातून तपकिरी काचेची एक रिकामी बाटली निघते. अशा बाटल्या त्यांनी कारखाना सोडताना मागून आणल्या होत्या. तिच्यावर मुलाच्या नावाची पट्टी चिकटते आणि आत एकेका नमुन्याची एक, अशा तीन चिठ्ठ्या पडतात. वरचा नमुना म्हणजे गुणपत्रिका. तो पाच मिनिटांत होतो. मधला नमुना म्हणजे कोणी काही सांगितलेले नसताना हे मूल काय करते. त्यासाठी ते मुलाला बाहेरच्या खोलीत पंधरा मिनिटे एकटे बसवतात, मोबाइल काढून घेतात आणि स्वतः स्वयंपाकघराच्या पडद्याआड उभे राहतात. तळाचा नमुना म्हणजे एकच प्रश्न: "तुला सगळ्यात भीती कशाची वाटते?" तिन्ही झाल्यावर ते पक्का आकडा सांगतात. निकाल लागला की चौथी चिठ्ठी पडते आणि झाकण घट्ट लागते.

आकडा चुकला तर काय, याचीही त्यांची एक रीत आहे. कमी सांगितला आणि प्रवेश मिळाला, तर ते फोनवर माफी मागतात आणि विषय संपतो. जास्त सांगितला आणि नकार आला, तर मात्र स्वतः जातात. त्यांच्याच इमारतीतल्या एका मुलाला त्यांनी नव्वद सांगितले होते, आणि नकार आला. त्या संध्याकाळी मुलाच्या आईने दार उघडले, तर साडूभाऊ कॅरमच्या सोंगट्यांचा डबा घेऊन उभे. दोन तास ते त्याच्याशी खेळले आणि विद्यापीठ हा शब्दही उच्चारला नाही. निघताना म्हणाले, "राणी तुझीच. उद्या येतो." दुसऱ्या दिवशीही गेले.

आमची मुलगी सई बारावीत असताना तिने अमेरिकेचे नाव काढले, आणि आम्ही अर्थातच डोंबिवलीला गेलो. तिला मक्याच्या विद्यापीठात जायचे होते. प्रवेशाबद्दल साडूभाऊ निर्धास्त होते. प्रश्न निराळाच होता. या अफाट विद्यापीठांच्या पोटात ऑनर्स म्हणून एक छोटा वर्ग असतो. त्याची निवड वेगळी, त्याला निबंध वेगळा. माझी पत्नी बँकेत अधिकारी आहे आणि तिला कोणतीही गोष्ट नीट समजून घेतल्याशिवाय सोडवत नाही. तिने विचारले, "पण प्रवेश मिळतोय ना? मग हे ऑनर्स कशाला आणखी?"

"ताई, लग्नात बाहेर बुफे असतो की नाही?" साडूभाऊ म्हणाले. "हजार माणसं ताटं घेऊन उभी. जेवण चांगलंच असतं, नाही असं नाही. पण आपण जेवलो की नाही, कोणाला पत्ता नाही. ऑनर्स म्हणजे आतली पंगत. वीस पानं. वाढणारा नाव घेऊन विचारतो, सई, जिलेबी?"

"मग पंगतच बरी."

"बरी, पण पंगतीत पानावरून मध्येच उठता येत नाही. मार्क घसरले तर उठवतात. शेवटी प्रबंध लिहावा लागतो. पोट बघूनच बसायचं." आणि सईकडे वळून त्यांनी विचारले, "तुला काय वाटतं गं? बुफे का पंगत?"

सई हळूच म्हणाली, "काका, बुफेत मी उपाशी राहीन."

हे खरे होते. ती माझ्या वळणावर गेली आहे. चार माणसांत तिला डावभर आमटीही मागून घेता येत नाही. चाळीस हजार मुलांत ती कोणाला दिसली असती? म्हणून सगळी भिस्त त्या पंगतीवर होती. साडूभाऊंनी गुणपत्रिका पाहून पहिली चिठ्ठी टाकली आणि पुटपुटले, "पस्तीस." माझ्या पत्नीचा चेहरा पडला. आता लिहायला बसलोच आहे तर कबूल करतो: मला त्या आकड्याने आतून हायसे वाटले होते.

मग सईला बाहेरच्या खोलीत बसवले आणि आम्ही चौघे स्वयंपाकघराच्या पडद्यामागे दाटीवाटीने उभे राहिलो. खोलीत साडूभाऊंचा प्रयोगशाळेतला जुना तराजू काचेच्या पेटीत ठेवलेला आहे. बहुतेक मुले त्याच्याकडे पाहतात आणि खिडकीशी जातात. सईने पेटीचे दार सरकवले. कानातला एक डूल काढून पारड्यात ठेवला, वजन पाहिले, आणि पर्समधल्या एका पावतीच्या पाठीवर लिहिले. डूल उचलला, पुन्हा ठेवला, पुन्हा लिहिले.

"ठेवला परत!" साडूभाऊंनी शैलाचा दंड धरला. "शैला, बघ, तिसऱ्यांदा ठेवते की नाही बघ!"

"अहो, हात सोडा, दुखतोय."

सईने तिसऱ्यांदा ठेवला. एवढ्याने ती थांबली नाही. दुसऱ्या कानातला काढून तोही तीनदा तोलला आणि दोन्हींत किंचित फरक आढळल्यावर स्वतःशीच हसली. साडूभाऊंनी चष्मा काढून शैलाच्या पदराला पुसला. "एका रीडिंगवर विश्वास ठेवत नाही पोरगी," ते म्हणाले, "कोणी सांगितलं नव्हतं तिला." दुसरी चिठ्ठी पडली. आकडा पंचेचाळीस झाला.

तळाचा नमुना घेताना ते कोणाला जवळ उभे राहू देत नाहीत. पण डोंबिवलीतल्या घरांच्या भिंती पातळ असतात. त्यांचा प्रश्न मला ऐकू आला.  सई म्हणाली, "मी गेल्यावर बाबा कोणाशी बोलणार?"

"आई आहे की."

"आईला बोलायला सगळं जग आहे, काका. बाबा फक्त माझ्याशी बोलतात. ऑफिसातून आल्यावर, गॅलरीत. वीस मिनिटं. बास, तेवढंच बोलतात ते दिवसभरात."

"निबंधात काय लिहिलंयस?"

"नेतृत्वगुण."

"कोणाचे?"

"माझे."

"आहेत का?"

"नाहीत."

"मग हे लिही. गॅलरीतली वीस मिनिटं."

"नको. बाबा वाचतील, आणि मग म्हणतील जा, माझं काही नाही. आणि खोटं बोलताना ते पाण्याचा ग्लास घेतात हातात."

मी त्या वेळी शैलाच्या ओट्यापाशी उभा होतो, आणि माझ्या हातात पाण्याचा ग्लास होता. तो मी खाली ठेवला. बाहेर जायचे, काही समर्पक बोलायचे, असे मनाशी जुळवत होतो, तेवढ्यात साडूभाऊच आत आले. हातात कोरी चिठ्ठी होती. माझ्याकडे पाहत ते अगदी हलक्या आवाजात म्हणाले, "भाऊ, तळाला गाळ आहे. पण तो मुलीचा नाही, तुमचा आहे. तुम्हीच काढायचा."

मी बाहेर गेलो. जुळवलेले सगळे विसरलो. सई मान खाली घालून कानात डूल अडकवत होती. "लिही," मी म्हणालो. "तू जाणं मला नको आहे. पण लिही."

एवढे सलग मी तिच्याशीही गॅलरीबाहेर कधी बोललो नव्हतो. ती रडली, मीही बहुधा रडलो असेन. साडूभाऊंनी तिसरी चिठ्ठी बाटलीत टाकली आणि आकडा जाहीर केला: "पंचावन्न." मग मला बाजूला घेऊन म्हणाले, "आणि तुम्ही. तोंडाने बोलणं व्हायचं नाही तुमच्याकडून. निदान लिहा काहीतरी. ती तिकडे वाचेल."

फेब्रुवारीत पत्र आले. प्रवेश होता आणि पंगतीत पानही होते. साडूभाऊंनी पेढा तोंडात टाकत चौथी चिठ्ठी टाकली. शैला म्हणाली, "बघा, पंचावन्न म्हणत होते!" तर ते म्हणाले, "अगं, पास व्हायला पस्तीस पुरतात." ऑगस्टात सई गेली. विमानतळावर काचेच्या दाराशी साडूभाऊ, प्रत्येक मुलाला निरोप देताना थांबतात तसे, बाहेरच थांबले, आणि ती आत दिसेनाशी झाल्यावरही बराच वेळ त्या दाराकडे पाहत राहिले.

आता दर रविवारी ती फोन करते. तिच्या वर्गात अठरा मुले आहेत आणि प्राध्यापकांना तिचे नाव अचूक उच्चारता येते. मी फोनवर 'बरं आहे' याच्या पुढे जात नाही. पण संध्याकाळची ती वीस मिनिटे मी हल्ली गॅलरीत वही घेऊन बसतो, आणि हा त्यातला पहिला पुरा झालेला मजकूर.

गेल्या आठवड्यात डोंबिवलीला गेलो होतो. पोळ्या होईपर्यंत आम्ही दोघेच बाहेर बसलो होतो. धीर करून मी विचारले, "साडूभाऊ, शिकून ती परत येण्याची शक्यता किती?"

भाकरीपासून लग्नापर्यंत कशालाही न अडणारा तो माणूस आकडा न देता उठला. त्यांनी कपाटातून एक नवी बाटली काढली, पट्टीवर सईचे नाव लिहिले, ती तिच्या जुन्या बाटलीशेजारी ठेवली, आणि तिच्यात काहीच न टाकता, झाकणही न लावता कपाट बंद केले. मग आत पाहून म्हणाले, "शैला, पाणी आण गं जरा." शैलाने ग्लास आणून दिला. तो त्यांनी माझ्यासारखाच हातात धरून ठेवला, प्यायले नाहीत.

वाचकहो, आपल्याही घरचे कोणी असे लांब गेले असेल. आपण किती टक्के धरून आहात?