उलटेकाका

कुठलीही वस्तू हातात आली की आमचे घरमालक ती आधी उलटी करून बघत. चहाची बशी, कुलूप, खुर्ची, एकदा तर माझ्या बॉसची व्हिजिटिंग कार्डाची डबी. २००५ साली हॉलंडमधल्या फेल्डहोवनमध्ये चिपची यंत्रं बनवणाऱ्या कंपनीत आम्ही चार-पाच मराठी पोरं होतो. मी त्यांच्या घराच्या वरच्या मजल्यावर भाड्याने राहायचो. पोरांनी त्यांचं नाव उलटेकाका ठेवलं होतं. मी तोंडावर त्यांना ‘मेनेर’ म्हणायचो, म्हणजे आपलं ‘साहेब’. ते मला ‘जोंग’ म्हणत, म्हणजे पोरा.

नोकरीत असताना ते खेमेंटेत, म्हणजे तिथल्या नगरपालिकेत, जन्म-मृत्यूच्या नोंदी लिहायचे. निवृत्त झाल्यावर त्यांनी एकच काम धरलं. लोकांच्या माळ्यांवर जुनी जर्मन लष्करी पदकं सापडायची, ती मूळ कुणाला मिळाली होती ते शोधून काढायचं. विकत घेणं नाही, विकणं नाही. पदकावर बहुधा नाव नसतंच. मग कडीवरचा कारागिराचा बारीक शिक्का बघायचा, फितीचा रंग बघायचा, सोबत एखादा कागद असला तर त्यावरची पलटण वाचायची, आणि मग पत्रं लिहायची. जर्मनीतल्या प्रशिया राज्याच्या सैन्याची दप्तरं बाँबहल्ल्यात जळाली, बव्हेरिया राज्याची वाचली. त्यामुळे पदक बव्हेरियातलं निघालं की त्या दिवशी स्वारी खुशीत असायची.

पदकाला पॉलिश केलेलं त्यांना खपत नसे. एक बाई रौप्यपदक घासून लख्ख करून घेऊन आली, तेव्हा म्हणाले, “बाई, तुम्ही साक्षीदाराला आंघोळ घालून आणलंत. आता तो काय बोलणार?”

शेजारचा म्हातारा यान रोज कुंपणावरून टोचायचा. “काय, आज कुठल्या नाझीचा वाढदिवस?” हे शांतपणे म्हणायचे, “नाव कळू दे. चांगला होता की हलकट ते मग ठरवू. बिननावाच्या माणसावर मला रागावता येत नाही.” यानच्या थोरल्या भावाला जर्मनांनी वेठबिगारीला नेलं होतं, तो परत आला नाही. उलटेकाकांना ते ठाऊक होतं, म्हणून यानशी त्यांनी कधी आवाज चढवला नाही. उलट दर शनिवारी त्याच्यासाठी ताजी मासळी आणायचे.

या सगळ्या पदकांत एक क्रॉस त्यांच्या स्वतःच्या घरातला होता. पहिल्या महायुद्धातला, काळा, चांदीच्या कडेचा. चव्वेचाळीस साली जर्मन मागे हटू लागले तेव्हा एक तरुण जर्मन शिपाई काकांच्या घरी दारात आला. क्रॉस त्याच्या वडिलांचा होता. पत्त्याची चिठ्ठी आणि क्रॉस काकांच्या आईच्या हातात देऊन म्हणाला, “माझं काही खरं नाही. एवढं घरी पाठवा.” उलटेकाका तेव्हा दहा वर्षांचे, मावशीकडे होते. पुढच्याच आठवड्यात इंग्रजांचे रणगाडे आले. गावात जर्मनांशी संबंध असलेल्या बायकांचे केस भादरायला लागले. आईनं घाबरून चिठ्ठी चुलीत घातली. क्रॉस मात्र तिच्यानं टाकवला नाही. पंचेचाळीस वर्षं तो पिठाच्या डब्यात राहिला. मरायच्या आधी तिनं तो लेकाला दिला आणि म्हणाली, “मी हो म्हटलं होतं.”

क्रॉसच्या मागे सुईनं कोरलेलं एक नाव होतं, खाली गावाचं नाव. गाव बव्हेरियातलं. काकांना वाटलं, महिन्याभराचं काम. पण त्या नावाचा सैनिक दप्तरात नव्हता. गावच्या चर्चनं कळवलं की या नावाचा आमच्याकडे एक घड्याळजी होता, तो युद्धावर कधी गेला नाही आणि त्याला मुलगाही नव्हता. त्याच नावाची आणखी गावं होती. पंधरा वर्षं काका ती एकेक करून चाळत राहिले. मी राहायला गेलो तेव्हा त्यांच्या एका डोळ्यानं दिसायचं बंद झालं होतं, दुसरा जायच्या वाटेवर होता.

एका रविवारी मी खाली त्यांच्याबरोबर जेवायला बसलो. माझं स्टीलचं ताट मी भारतातून नेलं होतं. आमच्या घराण्यात कॉलेजची पायरी चढलेला पहिला माणूस मी. वडील एसटीच्या वर्कशॉपमध्ये हेल्पर. हे मी तिथेही सगळ्यांना सांगायचो, आजही सांगतो. मी इंजिनिअर झालो तेव्हा मामानं ते ताट दिलं, तेही काकांना सांगून झालं होतं. काकांनी अर्थातच ते रिकामं होताच उलटं केलं आणि ठिपक्यांनी कोरलेल्या अक्षरांवरून बोट फिरवलं.

“हे तुझं नाव?”

“नाही, मामाचं.”

“पास कोण झालं?”

“मी.”

“मग मामाचं नाव कशाला?”

“मेनेर, भांड्यावर देणाऱ्याचं नाव घालतात. घेणारा कोण ते घरात सगळ्यांना माहीतच असतं.”

काका ताट तसंच हातात धरून उठले, कपाटातून क्रॉस काढला आणि भिंगाखाली धरला. मग माझ्याकडे बघून म्हणाले, “जोंग, पंधरा वर्षं मी चुकीचा माणूस शोधतोय.”

दुसऱ्याच दिवशी पत्र गेलं. त्या घड्याळजीला मुलगी होती का, एवढाच प्रश्न. तीन आठवड्यांत उत्तर आलं. एकच मुलगी होती. जावई शाळामास्तर, पहिल्या युद्धात त्याला क्रॉस मिळाला, पण तो क्रॉस त्याच्याकडून हरवला. सासऱ्यानं दुसरा घेऊन त्याला दिला. मास्तरांचा मुलगा हॉलंडमधून परतला नाही. त्या मुलाची बहीण हयात होती, ऐंशी ओलांडलेली. मी म्हटलं, “म्हणजे हा जावयाचा आहेर.” आहेर म्हणजे काय ते समजावल्यावर काका पोट धरून हसले. त्यांना तसं हसताना मी तेवढं एकदाच पाहिलं.

मी रजा टाकली आणि त्यांच्याबरोबर बव्हेरियाला गेलो. एकटं जाण्याइतकं त्यांना दिसत नव्हतं. आगगाडीत सबंध वेळ त्यांचा हात कोटाच्या आतल्या खिशावर होता. बाईंनी क्रॉस घेतला, मागचं नाव वाचलं आणि ‘आजोबा’ म्हणाल्या. काकांनी आईची हकीकत सांगितली, चिठ्ठी जाळल्याचंही लपवलं नाही. बाईंनी एकच विचारलं. माझं जर्मन यथातथाच, पण ते मला समजलं.

“त्या दिवशी तो जेवला होता का?”

काका म्हणाले, “मला माहीत नाही.”

बाईंनी मान हलवली, केक कापला आणि आम्हाला दोघांनाही मोठे तुकडे वाढले.

परतीच्या गाडीत कलोन स्टेशन गेल्यावर काका म्हणाले, “आई सांगत होती तेव्हा मी सगळं विचारून घेतलं. गणवेश कसला, हुद्दा काय, फीत कुठल्या रंगाची. ती अजून दोन दिवस बोलत होती, जोंग. हे विचारता आलं असतं.”

त्यानंतर त्यांनी नवीन पदक हातात घेतलं नाही. रविवारी मला खाली बोलवायचे आणि माझ्या आईबद्दल विचारायचे. कुणाला आधी वाढते, स्वतः कधी जेवते, तिला काय आवडतं. शेवटच्या प्रश्नाचं उत्तर मला येत नव्हतं.

पुढच्या वसंतात माझं काम संपलं. आइंडहोवन स्टेशनवर ते मला सोडायला आले, यानच्या खांद्याला धरून. ‘हाउडू’ म्हणाले, तिकडे निरोप घेताना तसंच म्हणतात. वर म्हणाले, “पोचल्यावर आईकडे काय जेवलास ते लिहून कळव.”

पुण्यात नवी नोकरी लागली, फ्लॅट घेतला, लग्न ठरलं. पत्र लिहायला मला दीड वर्ष लागलं. ते परत आलं. पाकिटावर यानच्या वाकड्या अक्षरात दोन ओळी होत्या. काका फेब्रुवारीत गेले होते.

पाकीट मी अजून उघडलेलं नाही. आत लिहिलंय की वरणभात होता, मेथीची भाजी, आईनं दोनदा वाढलं. आणि तिला शिळ्या भाकरीचा कुस्करा आवडतो, हे मी तिला विचारून लिहिलं होतं.