कॅमेऱ्यातली आक्का

कॅमेरा पिशवीतून काढला की मामा तो आधी कपाळाला लावायचे, मग माझ्या टेबलावर ठेवायचे आणि म्हणायचे, "बघा की. आत हाय ती."

भोरच्या एसटी स्टँडसमोर माझं झेरॉक्सचं दुकान आहे. फॉर्म, प्रिंट, पासपोर्ट फोटो, असली कामं. तिथे तासभर बसलात तर तालुक्यातली निम्मी माणसं तुम्हाला दिसतील, पण मामांसारखे तेच. नात्यातले नव्हेत, सगळा स्टँडच त्यांना मामा म्हणायचा. राहायचे हिर्डोशीकडे. भात, नाचणी करायचे. लग्न केलं नव्हतं. थोरली बहीण लहान वयातच विधवा होऊन माहेरी आली आणि तिनंच त्यांना वाढवलं. तीच आक्का. दोघं म्हातारी झाली तरी मामांनी पहिली भाकरी कधी स्वतःच्या हातानं घेतली नाही, ती आक्काच वाढायची.

कॅमेरा पुण्यातल्या पुतण्यानं दिलेला. त्यानं चांगला मोबाईल घेतला आणि अडगळ काकांच्या गळ्यात मारली. देताना मेमरी कार्ड तेवढं काढून घेतलं, आणि तसलं जुनं कार्ड पुढे कुठंच मिळेना. त्यामुळे फोटो कॅमेऱ्याच्या पोटात साठायचे, आणि ते पोट एवढंसं. थोडे फोटो झाले की नवा मावायचा नाही.

"एकाला घरात घ्याचं तर एकाला भाईर काढाय लागतंय," मामा कळवळून सांगायचे. वळणावरची एसटी पुसली, कोंबडा पुसला, शेवटी बैलही पुसला. आक्का मात्र राहिली.

तिचा फोटो मिळाला तोच नशिबानं. कॅमेरा दिसला की ती पदर ओढून पाठ फिरवायची. एकदा ती चुलीपुढे असताना मामांनी दारातून हाक मारली. "काय रं?" म्हणून तिनं वैतागून वर पाहिलं, आणि तेवढ्यात मामांनी बटण दाबलं.

मग आक्का गेली. तेव्हापासून मामांनी कॅमेरा चालू केला नव्हता. वर्षश्राद्धाला भिंतीवर फोटो पाहिजे म्हणून मामा पहिल्यांदा माझ्याकडे आले. मी म्हटलं, आधार कार्डावरचा मोठा करून देतो.

"त्यो नगं," मामा म्हणाले. "त्यो बघून आक्काच म्हनली व्हती, ही कोन म्हातारी आनलीस घरात?"

मी कॅमेऱ्याला वायर जोडली. कम्प्युटरला पत्ताच नाही. वायर बदलली, दुसऱ्या कम्प्युटरला लावून पाहिली, सगळं बंद करून पुन्हा चालू केलं. काही नाही. शेवटी मोबाईलच्या उजेडात वायरचं भोक पाहिलं, तर आत पिवळं-लाल काहीतरी घट्ट बसलेलं.

"मामा, हे काय?"

"खंडेनवमीची पूजा केली न्हवं का. इळा, कोयता, त्यांच्या शेजारी ह्योबी मांडला. पर पुढं न्हाई लावलं हळदीकुकू, डोळ्यात गेलं असतं त्याच्या. कडंला लावलं."

कडेचं रबरी झाकण कधीच पडलेलं होतं. त्यात ओलं हळदीकुंकू, वर फुलाचं पाणी. मला हसू आलं आणि लगेच जिरलंही, कारण मामा माझ्याकडे डॉक्टरकडे बघावं तसे बघत होते.

टाचणीनं खरवडलं, ब्रशनं झाडलं, स्पिरिट लावलं. व्यर्थ.

"आत हाय न्हवं ती?"

"आहे, मामा."

"मंग येत का न्हाई?"

मी वायर काढून ठेवली.

मग सुचलं, कॅमेऱ्याच्या स्क्रीनचाच मोबाईलनं फोटो काढावा. बटण दाबलं. स्क्रीन दोनदा थरथरली आणि लागली. चुलीचा धूर, कपाळाला आठ्या, 'काय रं?' विचारणारं तोंड. मी मोबाईल उचलला तोवर मामा मधे वाकले होते.

"मामा, डोकं जरा बाजूला घ्या."

"थांबा की वाईच. बघू द्या."

त्यांना हाताला धरून बाजूला करायला हवं होतं, हे मला कळत होतं. पण वर्षभरानं बहीण बघणाऱ्या माणसाला कुणी ओढावं? मी घाईनं तसाच फोटो काढला. त्यात मामांची टोपीच आली. दुसरा काढणार, तोच स्क्रीन विझली.

ती पुन्हा लागली नाही. बॅटरी वेगळी चार्ज करून घातली, तरी नाही. पुण्याच्या एका दुकानात विचारलं. ते म्हणाले, उघडून बघू, मिळेल किंवा जाईल. मामांनी कॅमेरा पिशवीत टाकला.

"आक्काला उघडायची न्हाई," म्हणाले.

वर्षश्राद्ध फोटोशिवाय झालं. नंतर दर बाजाराला मामा यायचेच. कॅमेरा कपाळाला लावून टेबलावर ठेवायचे, "आत हाय ती." मीही वायर लावायचो. काही होणार नाही हे मला माहीत होतं, बहुतेक त्यांनाही. चहा पिऊन ते हिर्डोशीची एसटी धरायचे. मला पुतण्याचा राग यायचा, कॅमेऱ्याचा यायचा, मामांचा कधीच आला नाही.

या पावसाळ्यात ते यायचे थांबले. मग एक दिवस पुतण्या आला. काका गेले, म्हणाला. भिंतीवर लावायला त्यांचा फोटो हवा होता. घरी एकच होता, कुणाच्या तरी लग्नातला, आणि त्यात फेट्याखाली कोण आहे तेच कळत नव्हतं.

मी मोबाईलला वायर जोडली. त्या दिवशी घाईत काढलेला फोटो लगेच कम्प्युटरवर आला, एका झटक्यात. पांढरी टोपी, वाकलेली मान, टोपीच्या कडेला स्क्रीनचा थोडासा उजेड.

पुतण्यानं पुढे वाकून पाहिलं. "यात काकांचं तोंड कुठं दिसतंय?"

"दिसायचं नाही," मी म्हणालो. "ते आक्काकडे बघतायत."