चूल न पेटलेला दिवस

आमच्या कळस गावात मयत घरात असेपर्यंत चूल पेटत नाही. मयत उचलायचं, आंघोळी करायच्या, कडुलिंबाचा पाला चावायचा, मग सोयरे पिठलं-भाकरी घेऊन येणार, तेव्हा कुठं तोंडात घास. लहानपणापासून हेच पाहत आले. त्यापायी कुणाचं काही बिघडलेलं मी तरी पाहिलं नव्हतं.

गेल्या वर्षी माझे वडील सकाळी झोपेतच गेले. आईला डायबेटिस. रोजच्यासारखं तिनं आपल्या हातानं पोटात इन्शुलिन टोचून घेतलं, चहा ठेवला आणि वडिलांना उठवायला गेली, तर ते थंड पडलेले. इंजेक्शन आत गेलं ते गेलंच, आणि त्यावर खायची भाकरी पिठातच राहिली. हे सगळं मला नंतर कळलं, कारण मी विचारलंच नाही.

मी बारामतीहून नऊला पोचले. मोठा भाऊ बेंगळुरूहून विमानानं पुण्याला यायला निघाला होता, तिथून पुढं गाडीनं. तो आल्याशिवाय उचलायचं नाही असं भावकीनं ठरवलं, म्हणजे दुपारचे दोन-तीन धरा. सोप्यात वडिलांना निजवलेलं, उशाशी आई, भोवती बायका.

खरं सांगायचं तर अकराच्या सुमाराला माझं रडणं आटलं आणि मला भूक लागली. बाप समोर निजलाय आणि माझ्या पोटात कावळे ओरडतायत. पोटाला सुतक-बितक काही कळत नाही. आधी आतडी पिळवटली, मग कपाळ ठणकायला लागलं. लांब कुठंतरी कुणी मिरच्या भाजत होतं, तेवढ्या वासानं तोंडाला पाणी सुटलं. माझी मलाच किळस आली. तरी उठलेच. पर्समध्ये ग्लुकोजच्या बिस्किटांचा पुडा होता. तो घेऊन गोठ्यामागं गेले आणि चोरासारखी उभ्या उभ्या सहा-सात बिस्किटं खाल्ली. पदरानं तोंड पुसलं, परत येऊन आईच्या गळ्यात पडले आणि रडले. आता रडायला जोर आला होता.

बारानंतर आई कापायला लागली. हात लटलट हलत होते, चोळी घामानं भिजलेली, नजर एका जागी ठरेना. बायका एकमेकींना सांगत होत्या, "लई जीव हुता गं हिचा मालकावर."

जीव कसला डोंबलाचा. वीस वर्षं दोघं एकमेकांशी धड बोलत नव्हते. ती ताट पुढं सरकवायची आणि ते मान वर न करता जेवून उठायचे. ही थरथर नवऱ्यासाठी नाही, हे त्या घरात दुसऱ्या कुणाला नाही तरी मला कळायला हवं होतं. मीही तिच्या पाठीवरनं हात फिरवत बसले.

मग ती बरळायला लागली. चुलतीलाच "आई" म्हणाली, म्हशीला पाणी दाखवा म्हणाली. म्हैस विकून दोन वर्षं झाली होती. तेव्हा माझ्या डोक्यात उजेड पडला. मी चुलतीच्या कानाशी लागले, "काकी, हिची साखर उतरलीय. वाईच गूळ-पाणी देते."

"मयत दारात हाय," चुलती दबक्या आवाजात म्हणाली. "अजून कुंकू पुसलं न्हाय, अन् बाई गूळ खाती व्हय? लोकं काय म्हंतील? दम धर. तुझा भाऊ भिगवणपत्तुर आलाय."

मी दम धरला. शाळेत पोरींना फळ्यावर स्वादुपिंड काढून दाखवणारी मी, चार बायका काय म्हणतील म्हणून गप्प बसले. पुड्यात अजून बिस्किटं उरली होती आणि पर्स माझ्या मांडीवर होती.

भावाची गाडी दारात लागली आणि आई वडिलांच्या अंगावरच कलंडली. बायकांनी हंबरडा फोडला. त्याच गाडीत तिला घालून आम्ही इंदापूर गाठलं. तिथं मशिनवर आकडासुद्धा उमटेना, नुसतं 'लो'. इकडं वडिलांना तिच्या माघारी स्मशानात नेलं. नवऱ्याचं शेवटचं तोंड तिनं नीट पाहिलं नाही. ती वाचली, पण आता सकाळी जेवलेलं संध्याकाळी आठवत नाही. गावात मात्र तिचा मान वाढलाय. नवऱ्याच्या पाठोपाठ निघाली होती म्हणतात, लेकीसुनांना उदाहरण देतात. मला संताप येतो, पण कुणाचं तोंड धरणार? मी तरी कुणाला खरं सांगितलंय?

परवा आम्ही दोघी शेंगा फोडत बसलो होतो. मधेच ती म्हणाली, "त्या दिवशी तू बिस्कीट खाल्लंतंस न्हवं?"

माझे हात थांबले. रोजचं विसरणाऱ्या बाईला नेमकं हेच कसं आठवावं? मी विचारलं, "तुला कुणी सांगितलं?"

"सांगायला कशाला पायजे? गळ्यात पडलीस तवा वास आला की. इतकी भूक लागली हुती, वासानं जीव कासावीस झाला. मागायचं म्हटलं, तर भवती बायका." तिनं एक शेंग फोडली, दाणे सुपात टाकले. "मला वाटलं, एखादं तरी माझ्यासाठी लपवून आणलं असशील. लई येळ तुझ्या हाताकडं बघत बसले."