चतुराचे चिकटवलेले पंख

अ‍ॅमस्टरडॅमजवळच्या अ‍ॅमस्टेलव्हीनला लेकीकडे आले होते. तिथून निघताना ती म्हणाली, "आई, म्युझियममध्ये तरी कुणाच्या चुका काढू नकोस." एकतीस वर्षं कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवलेल्या बाईला हे सांगणं म्हणजे मांजराला दुधाकडे बघू नको म्हणण्यासारखं. मी मान डोलावली आणि ट्राममध्ये चढले.

धास्ती होती ती वेगळीच. पुढे निनाद भेटणार होता. निनाद माझा जुना विद्यार्थी. हल्ली तो इथल्याच वाखनिंगनच्या कृषी विद्यापीठात किडे पाळतो आणि त्याचा पगारही घेतो. अकरावीत त्याने जर्नलमध्ये चतुराची आकृती काढून तिला चतुराचे खरेखुरे पंख चिकटवले होते. 'आकृती काढावी, चिकटवू नये,' असा शेरा मारून मी शून्य दिलं होतं. तो हे विसरला असेल अशी आशा होती. पण सोळाव्या शतकातली कीटकचित्रं बघायला चलाच, असा आग्रह त्याचाच होता. म्हणजे काहीतरी शिजत होतं.

अ‍ॅमस्टरडॅमच्या स्टॉपवर त्याने वाकून नमस्कार केला. माझं काहीतरी खाली पडलं असं वाटून दोन डच आजोबाही वाकून शोधू लागले. त्यांची समजूत घालून आम्ही ब्रोच्ये (भरलेला पाव) खाल्ला. त्यात चीज इतकं होतं की पाव शोधावा लागला.

म्युझियमच्या त्या दालनात उजेड मंद होता. तळहाताएवढी चर्मपत्राची पानं, आणि गांधीलमाशीच्या पायावरची लवसुद्धा दिसत होती. ब्रशला केस तरी किती असतील? मी चष्मा कपाळावर ढकलून काचेला नाक लावलं आणि गजर वाजला.

पहारेकरीण बाई लगबगीने आल्या. "काही हरवलंय का?"

"पाय मोजतेय," मी म्हटलं.

"मोजा की. पण एक पाऊल मागे उभं राहून."

एका भुंगेऱ्याचे मागचे पाय चक्क पोटातून निघालेले सापडले. माझा जीव सुखावला. पण निनाद मला ओढतच शेवटच्या पेटीकडे घेऊन गेला. तिथे एक चतुर होता. शेजारच्या पाटीवर लिहिलं होतं : अंग रंगवलेलं, पंख खऱ्या चतुराचे, चित्रकारानेच चिकटवलेले.

"मॅडम, याला दहापैकी किती?" निनादने अगदी गरीब चेहऱ्याने विचारलं.

"पाय बघू दे आधी." पाय सहाच होते, आणि छातीतूनच निघाले होते. मी हार मानणारी नव्हे. "भागांना नावं दिलेली नाहीत. दोन कापले."

"म्हणजे आठ."

"हो, आठ." मग मात्र मला राहवेना. "आणि तुला शून्य. चुकलं माझं, निनाद."

"शून्याचं काही नाही हो मॅडम. आरपार दिसणारा पंख कसा काढायचा तेच मला कळत नव्हतं. दोन दिवस नुसतं खोडत होतो. तुम्हाला विचारायची भीती वाटली, म्हणून चिकटवला."

परतीच्या ट्राममध्ये तो सोडायला आला. बाहेर कालवे, नावा, सायकलींची झुंबड, सगळं तो उत्साहाने दाखवत होता. माझं लक्ष नव्हतं. एकतीस वर्षं मी फळ्यावर चतुर काढला. खडूच्या दोन रेघा ओढल्या की झाला पंख.

"निनाद," मी उतरण्याआधी म्हटलं, "आरपार पंख मलाही काढता येत नाही."

तो खो खो हसला. मला हसू आलं नाही. तेव्हा तो विचारायला आला असता, तर मी त्याला ओरडून हाकलूनच दिलं असतं.