डोक्यावरचा हात

मंडळी, आज सुट्टी. रूमवर एकट्याला करमेना, म्हणून चिंचवडच्या एका चर्चमध्ये येशूच्या बाप्तिस्म्याची चित्रं बघायला गेलो.

जुन्या चित्रात मागे सगळं सोनेरी. पुढच्यात काळोख, उजेड फक्त येशू आणि त्याला बाप्तिस्मा देणारा योहान, या दोघांच्या अंगावर. शेवटचं आजकालचं, नुसते निळे फटकारे.

मी चाकणला कंपनीत पेंट शॉपला. सवयीनं बोलून गेलो, "इथं रंग ओघळलाय राव!"

शेजारच्या आजी हसल्या. "अरे बाळा, पाणी आहे ते. योहान डोक्यावर ओततोय."

मग नीट बघितलं. प्रत्येक चित्रात, अगदी त्या निळ्या फटकाऱ्यांतही, येशूच्या डोक्यावर योहानाचा हात होता.

चाकणला आल्यापासून माझ्या डोक्यावर हात फिरतो तो फक्त सलूनवाल्याचा.

येताना कटिंग करून आलो. केस वाढले नव्हते.